न मारलेली फुली

आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत कुणी नवा आला, की त्याला कालव्यावरच्या अपघाताची गोष्ट सांगतात. खुणा मारणारा म्हातारा विसरला, पाहुणा सरळ गेला आणि खचलेल्या बांधावरून खाली पडला, अशी ती गोष्ट. सांगणारे मुद्दाम खोटं बोलत नाहीत, त्यांना ती तशीच सांगायची सवय झाली आहे. पण माझा मित्र काहीही विसरला नव्हता. त्या दिवशी खुणा मारायला तो गेलाच नव्हता. मी गेलो होतो.

हे कुठून सुरू करावं याचा विचार करत मी गेले काही दिवस घरात येरझाऱ्या घालतो आहे. टेबलाशी बसलो की उठावंसं वाटतं. बाहेर पडलो की परत यावंसं वाटतं. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी हाय, ती आता डोक्याला लागलीया." तिला सगळं ठाऊक आहे. आता तरी ठाऊक आहे.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामाच्या वाळूत ठसा उठवायला जो लाकडी नमुना लागतो, तो करायचा माझा धंदा. सगळी उमर एका जागी उभं राहून, रंधा मारून गेली. निवृत्त झालो आणि उभं राहणं जमेना, बसणं त्याहून जमेना. माझा मित्र शाहूपुरीत लोखंडी सामानाचं दुकान चालवायचा. त्यानं ते मुलाच्या हातात दिलं आणि त्याचीही तीच गत झाली. आम्ही दोघांनी सायकली घेतल्या. आधी रंकाळ्याभोवती चकरा, बागेच्या कट्ट्यावर बसून चहा, मग कळंबा, मग कात्यायनीच्या टेकड्यांपर्यंत. आणखी चार लोक मिळाले, मग दहा-बारा. आणि एका रविवारी मित्र आम्हाला दूधगंगेच्या कालव्यावर घेऊन गेला.

ज्यानं कालव्याच्या बांधावरून सायकल चालवली नाही, त्याला त्यातलं सुख सांगून पटणार नाही. चढ नाही, उतार नाही. उसाच्या ट्रॉल्या नाहीत, एसटी नाही. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्ये पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी टाकलेला मुरूम. बाया धुणं आपटत असतात, म्हशी पाण्यात बसलेल्या असतात, आणि आपण कुणाच्याही अध्यात ना मध्यात, नुसते पुढं जात असतो. फक्त वाट चुकायला वेळ लागत नाही. बांधाखालून पाणी सोडायची मोरी आली की लहान पोटपाट फुटतो, पोटपाटाला आणखी फाटे, आणि सगळे बांध एकसारखे दिसतात. मोबाईलच्या नकाशात निम्मे बांध नसतातच.

म्हणून मित्रानं पद्धत घालून दिली. रविवारी जिथं जायचं, तिथं शनिवारी एकानं जाऊन यायचं आणि फक्कीनं खुणा मारायच्या. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची ती पांढरी पूड. वळायचं असेल तिथं बाण. जायचं नसेल तिथं फुली. आणि काहीच खूण नसेल, तर सरळ. फक्कीची पिशवी कायम त्याच्याकडं. शनिवारी दुपारी जेवण झालं की तो निघायचा. रविवारी आम्ही पुढं-मागं, दोघे-तिघे असे गप्पा मारत जायचो, कुणाला कुणासाठी थांबावं लागायचं नाही. आम्ही रस्त्यावर विश्वास ठेवत नव्हतो, त्याच्या खुणांवर ठेवत होतो.

त्याची मुलगी जयसिंगपुरात दिलेली. तिच्या सासऱ्यांचं तिथं पेंडीचं आणि पशुखाद्याचं दुकान. मोठ्या आवाजाचा, अंगानं दणकट, बोलायला तिखट माणूस. दोन्ही घरं लिंगायत, दोन्ही घरांत निम्मी कानडी. हा त्यांना कौतुकानं 'बीगरु' म्हणायचा. म्हणजे व्याही. त्यांनी गिअरची नवी सायकल घेतली होती आणि फोनवर रोज याला डिवचत होते. "पावणं, आमाला कॅनॉल नुसता फोनवरच दावणार काय? का आमी यायलाच नको?"

अखेर ठरलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी यायचं, मुक्काम करायचा, रविवारी आमच्याबरोबर निघायचं. मुलीचा सासरा पहिल्यांदाच राहायला येणार, म्हणून मित्राच्या घरात दोन दिवस आधीपासून धांदल.

त्या शनिवारी दुपारी मित्र पिशवी घेऊन माझ्या दारात आला.

"आज तू जा. घरात पुरणाच्या होळग्या चालल्यात. ती मला उंबऱ्याभायेर पाऊल टाकू देईना. हे आण, ते आण."

"मला तिकडचे फाटे नीट ध्यानात नाहीत," मी म्हणालो.

"काय नीट? चांगला दहा वेळा गेलाईस. ऐक. जुनी मोरी लागती न्हवं, तिच्या पुढं बांध खचलाय. परवाच बघितलंय मी. मोरीच्या अलीकडं बाण डावीकडं, खाली गावात. आणि बांधावर फुली. ही एवढी मोठी. बाकी कुठं न्हाई मारलीस तरी चालंल, तितं मार."

मी हो म्हणालो.

त्याच दिवशी आमच्या पेठेचा सामना होता. कोल्हापुरात पेठेचा फुटबॉलचा सामना म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. त्या दिवशी म्हातारी माणसंही औषधाच्या वेळा चुकवतात. माझ्या चुलतभावानं मैदानात जागा धरून ठेवली होती. मी हिशेब केला की जाऊन खुणा मारून सामन्याला पोचता येईल. जेवून निघायलाच उशीर झाला. वाटेत कालव्याच्या पुलावर उसाची ट्रॉली अडकली होती. तिथं उभा राहून पाय आपटत होतो, तेवढ्यात चुलतभावाचा फोन.

"आरं, संघ उतरायला लागलं. येतोस का न्हाई? लोकं तुझ्या जागंवर बसाय बघालेत."

ट्रॉली निघाली. पुढचे दोन फाटे मी घाईनं उरकले. जुनी मोरी अजून लांब होती. मी सायकलवरून न उतरता तिकडं बघितलं. उद्या मीच सगळ्यांच्या पुढं असेन, तिथं उभा राहून सगळ्यांना हातानं खाली वळवीन, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा मला ते अगदी पुरेसं वाटलं. मग मी उरलेली फक्की उसाच्या सरीत ओतली, पिशवी रिकामी दिसावी म्हणून. आणि मागं फिरलो.

फक्की ओतली, हे मी पुढची चार वर्षं कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. न जमणं एक वेळ समजतं. जमलं असं दिसावं म्हणून पिशवी रिकामी करणं ही वेगळी गोष्ट आहे.

सामना आम्ही हरलो. घसा बसवून घरी आलो, तर मित्राचा फोन. त्याच्या मागं व्याह्यांचं गडगडाटी हसणं ऐकू येत होतं.

"मारलीस?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"मारली," मी म्हणालो.

नंतर कळलं ते असं. जेवताना व्याह्यांनी त्याला विचारलं होतं, "पावणं, वाट बघून आलायसा न्हवं? न्हाईतर आमाला घालशीला कुटंतरी." आणि हा, व्याह्यापुढं, आपल्या सायकलच्या जिवावर आणलेल्या पाहुण्यापुढं, म्हणाला होता, "दुपारीच खुणा मारून आलोय. डोळं झाकून चला." एवढीशी फुशारकी. ती माझ्या शब्दावर उभी होती.

रविवारी रंकाळ्याच्या बागेपासून निघालो. चहाच्या गाडीवर व्याह्यांनी खुणांची पद्धत समजून घेतली. त्यांना ती फार आवडली. "म्हंजे खूण न्हाई तर सरळ. एवढंच न्हवं? मग काय, आंधळा बी जाईल की," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

कालव्यावर आल्यावर त्यांनी गिअर टाकले. मी पुढं राहायचा प्रयत्न केला. पाच-सात मिनिटं राहिलोही. मग त्यांनी मला मागं टाकलं, आणि माझ्या छातीत श्वास मावेना. जुनी मोरी दिसायला लागली तसा मी ओरडलो. वारा समोरून होता. त्यांनी मागं न बघता डावा हात वर करून हलवला. मी त्यांना शाबासकी देतोय असं त्यांना वाटलं. ते सरळ गेले.

कालव्यात पाणी गुडघाभरच होतं, पण बांधाचे दगड उघडे पडले होते. सायकल वर अडकली आणि ते खाली. मांडीचं हाड मोडलं. त्यांना उचलून रस्त्यापर्यंत आणताना त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. ज्या माणसाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडं जायचा, त्याच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

माझा मित्र मागून आला. त्यानं मोरीजवळची जमीन बघितली. अलीकडं बघितली, पलीकडं बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

दवाखान्यात, आत नेण्याआधी, व्याह्यांनी त्याचा हात धरला. "पावणं, काल म्हणालासा न्हवं, खुणा मारून आलोय म्हणून?"

मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्या हातात कुणाचा तरी सायकलचा पंप होता, तो का होता आठवत नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. मित्र माझ्या आधी बोलला.

"मारल्या हुत्या. तेवढी एक ऱ्हायली. विसरलो."

बाहेर पायरीवर मी त्याला म्हणालो, आत जाऊन खरं सांगतो. त्यानं मला गप्प केलं. "आता काय सांगशील? मी गेलोच नव्हतो म्हणून? मग काल जेवताना मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो हे निघंल. विसरलेल्या बापाची पोर नांदती. खोटं बोलणाऱ्या बापाची पोर रोज ऐकून घेती. गप्प बस."

मी गप्प बसलो. त्यानं सांगितलं म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं चार वर्षं मनाशी म्हणत राहिलो. खरं म्हणजे त्यानं गप्प बस म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते मला तेव्हाच जाणवलं होतं, आणि त्याची लाज आजही जात नाही.

त्याचा हिशेब मात्र चुकला. विसरलेल्या बापाच्या मुलीनंही रोज ऐकून घेतलं. व्याह्यांच्या पायात ऑपरेशन करून स्टीलची पट्टी घातली, पण पाय किंचित आखूड राहिला आणि चाल लंगडी झाली. सून मीठ घालायला विसरली, की ते म्हणायचे, "माहेरचा गुण." दिवा बंद करायचा राहिला, की "विचार तुझ्या अप्पाला." ते दुष्ट नव्हते. दुखत असायचं, आणि दुखणं तोंडातून बाहेर पडायचं. पुढच्या दिवाळीला माझा मित्र फराळ घेऊन जयसिंगपूरला गेला. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर व्याही म्हणाले, "आलासा? घावली वाट?" गिऱ्हाईकं हसली. तो डबा ठेवून, पाणीही न पिता परत फिरला. त्यानंतर मुलीच्या घराची पायरी तो चढला नाही. नातवंडं सुट्टीला यायची तेवढीच भेट.

सायकल त्यानं सोडली. फक्कीची पिशवी मंडळींनी माझ्याकडं दिली. "काका, आता तुमीच. तुमचं ध्यान चांगलं हाय." मी चार वर्षं दर शनिवारी खुणा मारल्या. भर उन्हात, कुणाच्या लग्नाच्या दिवशी, अंगात कणकण असताना. प्रत्येक मोरीवर उतरून मारल्या. माझ्या खुणांचं कौतुक व्हायचं. त्या कौतुकानं मला एके ठिकाणी बसू दिलं नाही.

या हिवाळ्यात मित्राच्या मुलीचा मला फोन आला. जयसिंगपुरात त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि घरभरणी ठरली होती. आमच्याकडं घरभरणीला मुलीच्या आई-बापांनी आहेर घेऊन उभं राहायचं असतं. ते नसले, तर मुलगी भरल्या घरात एकटी दिसते.

"अप्पा येत न्हाई म्हणतात. दादाजवळ आहेर पाठवतो म्हणतात," ती म्हणाली. "आहेर घेऊन काय करू काका? साड्या हाईत माझ्याकडं. तुम्ही आणा की त्यांना. तुमचं तेवढं ऐकतात."

मी बघतो म्हणालो. फोन ठेवला आणि सायकल काढली. रंकाळ्याला किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत. शेवटी शाहूपुरीत त्याच्या घरी गेलो. तो दुकानाच्या वरच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता.

"चल घरभरणीला," मी म्हणालो.

"न्हाई."

"मग मी जाऊन त्यांना खरं सांगतो."

त्यानं रेडिओ बंद केला. "तुझं मन हलकं करायला माझं तोंड काळं करू नगंस," तो म्हणाला. चढ्या आवाजात नाही. मला तो चढ्या आवाजात बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस ते वाक्य माझ्या मागं फिरलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. मी खरं सांगितलं तर त्याचं खोटं उघडं पडणार, आणि मी मोकळा होणार. पण न सांगितलं तर मुलगी भरल्या घरात एकटी उभी राहणार. दोन्हीकडून चूक होती. चौथ्या दिवशी उजाडताना मी जयसिंगपूरला निघालो. एसटीनं जाता आलं असतं, रेल्वेनंही. पण खिडकीशी बसून राहणं मला शक्य नव्हतं. पाय हलत असले की निदान डोकं जरा गप्प बसतं.

उचगाव, वळिवडे, मग पंचगंगेचा पूल ओलांडून रुकडी. जमेल तिथं मी हमरस्ता सोडून नदीकाठच्या मळीच्या वाटेनं गेलो. बंधाऱ्यांत पाणी अडवायच्या फळ्या, बरगे, घातलेले होते, त्यामुळं नदी तुडुंब आणि स्थिर. उपसा योजनांची यंत्रं घुमत होती आणि पाटांतून पाणी उसाकडं धावत होतं. एरवी मी तिथं थांबलो असतो, पाण्यात हात घातला असता. त्या दिवशी मी कशाकडंच धड बघत नव्हतो. तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होतो. "पाहुणे, एक सांगायचं राहिलं होतं." नको. "चूक माझी होती." हे फार सोपं. हातकणंगल्याच्या पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं, "आजोबा, कुणाशी बोलालाय?" मी त्याला हात केला आणि आणखी जोरात पायडल मारले. दोनदा वाटलं, मागं फिरावं. एकदा फिरलोही. एक शेत ओलांडलं आणि परत पुढं.

दुकान उघडं होतं. व्याही पेंडीच्या पोत्यांशेजारी खुर्चीवर बसले होते, दुखरा पाय स्टुलावर टाकून. मला बघून त्यांनी भुवया उडवल्या.

"या पावणं. सायकलवर? ह्या वयात? घरभरणी बुधवारी हाय, आज न्हाई. का तुमी बी विसरलासा?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. शनिवारी मित्र गेला नव्हता, मी गेलो होतो. मोरीपर्यंत पोचलो नव्हतो. फक्की सरीत ओतली. फोनवर 'मारली' म्हणून खोटं बोललो. सगळं एका दमात.

त्यांनी मांडीवरची पेंडीची भुकटी झटकली. मग म्हणाले, "मोरीपातुर का गेला न्हाईसा?"

"सामना होता. पेठेचा."

"फुटबॉल?"

"हो."

रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या.

"कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही हरलो."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. आपल्या पायाकडं बघत म्हणाले, "मग त्यो जेवताना बोलला, दुपारीच मारून आलो म्हणून. ते?"

हाच प्रश्न यायचा होता. "ते खरं नव्हतं," मी म्हणालो. "पण माझ्या भरवशावर बोलला. तुमच्यापुढं कमी पडू नये म्हणून. आणि नंतर विसरलो म्हणाला, ते तुमच्यापुढं खोटा ठरू नये म्हणून. नाहीतर मुलीला ऐकून घ्यावं लागेल म्हणाला."

"म्हंजे चार वरसं त्यानं माझं ऐकून घेतलं, ती पोरगी बी ऐकून घेत बसली, आणि तुमी सायकल फिरवत बसला."

"हो."

"मी एवढा तिखट हाय व्हय?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. "हाय," मी म्हणालो.

त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. उठायला त्यांना त्रास झाला, मी हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला. आतून तांब्या आणून पोत्यावर ठेवला. "पाणी प्या आणि जावा. च्या देत न्हाई. मला आता तुमच्याकडं बघवंना. राग कुणावर काढावा ते बी कळंना झालंय. ह्या सगळ्या पेठंत मी चार वरसं सांगत सुटलोय, आमचं बीगर विसरभोळं म्हणून. आता काय, दारोदार जाऊन सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"ऱ्हावू द्या. तुमी लई सांगितलासा. जावा."

परतीची वाट मी हमरस्त्यानं काढली. मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही. उलट वाटभर असं वाटत राहिलं, की एका माणसाची झाकली मूठ मी बाजारात उघडून आलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काका, चार वर्षं?" आणि फोन ठेवला.

रविवारी चहाच्या गाडीवर मी आमच्या मंडळींनाही सांगितलं आणि पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. मग एकजण म्हणाला, "जाऊ दे की काका, जुनं झालं. कुणाच्या तरी हातनं व्हायचंच." दुसऱ्यानं मिसळ सांगितली. ज्या गोष्टीचं ओझं मी चार वर्षं वाहिलं, ती त्यांच्यासाठी दहा मिनिटांची होती. म्हणूनच हे लिहून ठेवतो आहे. नव्या माणसाला उद्याही जुनीच गोष्ट सांगतील, कारण ती सांगायला सोपी आहे.

पुढं जे झालं ते मला मित्राच्या बायकोकडून कळलं. घरभरणीच्या आदल्या दिवशी व्याही स्वतः मुलाला घेऊन कोल्हापूरला आले. आमंत्रण आधीच पोचलेलं होतं, तरी पुन्हा कुंकू-अक्षता घेऊन आले. दुकानावरच्या खोलीचा जिना अरुंद आहे, तो लंगडत चढले. वर येऊन धापा टाकत बसले आणि म्हणाले, "पावणं, माझं चुकलं म्हणणार न्हाई. तुमचं बी चुकलंय. पण उद्या सकाळी तुमी दोघं दारात दिसला न्हाईसा, तर मी घरात पाऊल टाकणार न्हाई. मग बघा, पोरीला काय सांगायचं ते."

माझ्या मित्रानं एवढंच विचारलं, "त्यानं सांगितलं व्हय?"

"व्हय."

तो उठला. बायकोला म्हणाला, साड्या काढ.

घरभरणीला मी गेलो. जावं की नाही, हे एसटी सुटेपर्यंत ठरत नव्हतं. नव्या घराच्या दारात मुलगी उभी होती. एका बाजूला आई, एका बाजूला अप्पा, त्याच्या हातात आहेराचं ताट. व्याही भर मांडवात मोठ्यानं म्हणाले, "आज आमच्या पावण्यांनी वाट सोता बघितलीया, दुसऱ्याला न्हाई पाठवलं!" ज्यांना माहीत होतं ते हसले, ज्यांना माहीत नव्हतं तेही हसले. मित्राचा चेहरा क्षणभर काळवंडला, मग तोही हसला. त्याचं खोटं आता सगळ्यांच्या तोंडी होतं आणि ते त्याला जन्मभर ऐकावं लागणार, हे मला तेव्हा दिसलं. मुलगी मात्र बापाच्या दंडाला धरून उभी होती आणि सोडत नव्हती.

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मी समोर गेलो, नमस्कार केला. तो शेजारच्याशी बोलत राहिला. माझ्याशी तो आजतागायत बोललेला नाही. मला तक्रार नाही, पण सवयही होत नाही. शाहूपुरीतून जाताना अजूनही वर खिडकीकडं मान जाते.

पंगतीत तो माझ्यापासून दोन पानं सोडून बसला होता. होळगी वाढायला आलेल्या पोराला मी पानावर हात आडवा धरून नको म्हणालो. तेव्हा तो, माझ्याकडं न बघता, त्या पोराला म्हणाला, "वाढ त्याला. सायकलवर परत जायचं हाय त्याला."

मी त्या दिवशी एसटीनं गेलो होतो. मी हात बाजूला घेतला आणि पोरानं वाढलेली होळगी मुकाट्यानं खाल्ली.